मोटारीवाचून पिट्सबर्ग : घर ठरवण्याआधी बस पाहावी

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास पुणे, नाशिक, ठाणे, नागपूर अशा शहरांतील काही घरांत एकच शोध चाललेला असतो. ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला शिकायला जाणाऱ्या मुलासाठी वा मुलीसाठी भाड्याचे घर हवे असते. खोल्यांची छायाचित्रे पाहिली जातात, भाड्याचा हिशेब रुपयांत मांडला जातो, बरोबर राहणारी मुले कोण, कुठली याची चौकशी होते, आणि नकाशावर विद्यापीठापासूनचे अंतर पाहून बारा महिन्यांच्या भाडेकरारावर सही होते. त्या घराजवळून रविवारी रात्री नऊनंतर बस जाते का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. मोटार नसलेल्या विद्यार्थ्याचे पुढचे वर्ष कसे जाणार, हे बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

पिट्सबर्गमध्ये मोटारीवाचून दोन वर्षे राहता येते, आणि सुखाने राहता येते. अमेरिकेतील फार थोड्या शहरांबद्दल असे म्हणता येईल. कार्नेगी मेलन आणि पिट्सबर्ग विद्यापीठ (सारे गाव त्याला नुसते ‘पिट’ म्हणते) ही दोन्ही विद्यापीठे ओकलंड नावाच्या एकाच भागात, एकमेकांना जवळजवळ लागून आहेत. शहराच्या पूर्वेकडे जाणाऱ्या बहुतेक महत्त्वाच्या बसगाड्या या ओकलंडमधूनच जातात. आणि या दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना बसमध्ये भाडे द्यावे लागत नाही. या तीन गोष्टी एके ठिकाणी जुळून आल्या म्हणून हे शहर विद्यार्थ्याला पायावर उभे राहू देते. पहिल्या दोन गोष्टी भूगोलाच्या आहेत, त्या सहसा बदलत नाहीत. तिसरी पैशांची आहे, आणि ती जिच्यावर टेकली आहे ती बससेवाच २०२५ मध्ये डळमळली होती.

भाडे नाही, म्हणजे नेमके काय

विद्यार्थ्याने बसमध्ये चढताना विद्यापीठाचे ओळखपत्र यंत्राला टेकवायचे आणि आत जायचे, एवढाच व्यवहार. पण हा प्रवास फुकटचा नव्हे. प्रत्येक सत्राच्या शुल्कात वाहतुकीचे शुल्क वेगळे धरलेले असते. बसने रोज जाणारा आणि वर्षात एकदाही न जाणारा असे दोघेही ते भरतात, आणि विद्यापीठ करारानुसार ‘पिट्सबर्ग रिजनल ट्रान्झिट’ म्हणजे ‘पीआरटी’ला मोबदला देते. जून्या माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी अजून ‘पोर्ट ऑथॉरिटी’ हे नाव असते. संस्था तीच, २०२२ मध्ये तिने नाव बदलले.

हेच ओळखपत्र बसबरोबर ‘टी’ या हलक्या रेल्वेवर चालते आणि डोंगर चढणाऱ्या दोन जुन्या केबलगाड्यांवरही चालते. त्यांतली मोनोंगाहेला इन्क्लाइन १८७० ची आणि डुकेन इन्क्लाइन १८७७ ची. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावरून तीन नद्यांचा संगम पाहायला पर्यटक पैसे मोजतात. विद्यार्थ्याने ते शुल्कात आधीच मोजलेले असतात.

ओळखपत्राची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते ज्याचे त्याने वापरायचे असते. मुलाकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना प्रत्येकी २.७५ डॉलर भाडे पडते. ‘कनेक्टकार्ड’ किंवा मोबाइलवरील ॲपने ते भरले, तर तीन तासांपर्यंत कितीही गाड्या बदलता येतात. रोख भरले तर गाडी बदलताच पुन्हा भाडे, आणि रोख रकमेची सुटी रक्कम परत मिळत नाही. पदवी हाती आली की विद्यार्थ्याची सवलतही संपते. त्याच शहरात नोकरी धरणाऱ्याला मग महिन्याचा पास ९७.५० डॉलरना घ्यावा लागतो. दोन वर्षे अंगवळणी पडलेल्या सोयीची किंमत पुष्कळांना त्या महिन्यात पहिल्यांदा कळते.

तरीही मोटारीच्या खर्चाशी याची तुलना होऊ शकत नाही. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, तेही विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. या मिळकतीतून जुनी मोटार घेता येईलही. पण मोटार घेणे हा खर्चाचा आरंभ असतो. अमेरिकेत वाहन चालवल्याची कसलीच नोंद मागे नसलेल्या तरुणाला विमा महाग पडतो. पेनसिल्व्हेनियात वाहनाची दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. ओकलंडमध्ये गाडी लावायला जागा नाही, आणि जिथे आहे तिथे पिट्सबर्ग शहर वाहनतळाच्या शुल्कावर ३७.५ टक्के कर लावते. पुण्यात अठरा पूर्ण होताच दुचाकी हाती आलेल्या मुलाला स्वतःच्या वाहनाशिवाय जगणे पांगळेपणाचे वाटते. मुंबईकराला ते वाटत नाही, कारण त्याने लोकलचे वेळापत्रक पाठ केलेले असते. पिट्सबर्गमध्ये हा दुसरा स्वभाव उपयोगी पडतो.

नकाशा सपाट, गाव डोंगराळ

ॲलेगनी आणि मोनोंगाहेला या नद्या एकत्र येऊन ओहायो नदी होते, त्या टोकावर डाउनटाउन आहे. तिथून पूर्वेला सुमारे तीन मैलांवर ओकलंड. नद्यांच्या काठी सपाट पट्ट्या, बाकी सगळे डोंगर आणि घळी. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत, आणि सुमारे ८०० सार्वजनिक जिने. हे जिने शोभेचे नाहीत. पोलादाच्या कारखान्यांतले कामगार उतारावरच्या घरांतून त्यांवरून खाली कामाला जात. यांतले कित्येक जिने शहराच्या दप्तरात रस्ते म्हणून नोंदलेले आहेत, त्यांना रस्त्याचे नाव आहे आणि त्यांच्या कडेला घरेही आहेत.

त्यामुळे नकाशावरचे अंतर येथे फसवते. दोन ठिकाणांमधील सरळ रेषा एका किलोमीटरची असली, तरी मध्ये घळ असते, किंवा दीडशे पायऱ्या असतात, किंवा पूल दुसऱ्याच टोकाला असतो. नदीपलीकडच्या साउथ साइडची घरे ओकलंडच्या अगदी समोर दिसतात. परंतु तिकडून चालत येणे म्हणजे पूल ओलांडून कडा चढणे. ऑक्टोबरात ही चढण हौसेची असते. जानेवारीत पारा शून्याखाली राहतो, पायऱ्यांवर बर्फ धरतो आणि तो कोणी वेळेवर काढील याचा भरवसा नसतो. घर पाहताना नकाशाऐवजी चालण्याच्या वाटेची चढ-उतारासह माहिती पाहिली, तर निम्मी फसगत टळते.

दुसरी फसगत रेल्वेची. नकाशावर रेल्वेच्या रंगीत रेघा दिसतात. डाउनटाउनखालून भुयारी गाडी जाते, २०१२ पासून ती ॲलेगनी नदीच्या तळाखालून पलीकडच्या नॉर्थ शोअरला पोहोचते, आणि डाउनटाउन ते नॉर्थ शोअर हा पट्टा सर्वांनाच विनाभाडे आहे. हे वाचून रेल्वेच्या स्थानकाजवळ घर घ्यावे असे कोणालाही वाटेल. पण ही रेल्वे ओकलंडला जातच नाही. ती डाउनटाउनहून दक्षिणेकडच्या उपनगरांना जाते. शहरातील सर्वांत गजबजलेल्या दोन जागा, डाउनटाउन आणि ओकलंड, यांना रुळांनी जोडण्याच्या योजना अनेक वेळा झाल्या आणि कागदावर राहिल्या. एके काळी फोर्ब्ज आणि फिफ्थ या रस्त्यांवर ट्राम धावत. १९६४ मध्ये पोर्ट ऑथॉरिटीने ट्रामची कंपनी आणि ३२ खासगी बस कंपन्या ताब्यात घेतल्या, आणि त्याच दशकात पूर्वेकडील ट्राम बंद पडल्या. विद्यार्थ्यांचे शहर बसवर उभे आहे ते तेव्हापासून.

एकसष्ट आणि एकाहत्तर

ओकलंडमधील जीवन दोन आकड्यांभोवती फिरते. ६१ ए, बी, सी, डी या चार गाड्या आणि ७१ ए, बी, सी, डी या आणखी चार. आरंभी नवख्याला ही बाराखडी गोंधळात टाकते. एकदा उलगडली की मग शहर उलगडते.

चारही एकसष्ट फोर्ब्ज ॲव्हेन्यूने कार्नेगी मेलनच्या समोरून पूर्वेला स्क्विरल हिलवर जातात. मरे ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर त्यांची फारकत होते. सी आणि डी उजवीकडे मरेवर वळतात, ए आणि बी फोर्ब्जवर सरळ पुढे जातात. याचा अर्थ असा, की ओकलंड ते मरेचा कोपरा या पट्ट्यात राहणाऱ्याला चारांपैकी कोणतीही गाडी चालते. तो थांब्यावर उभा राहतो आणि जी येईल तीत चढतो. कोपऱ्याच्या पुढे दोन गाड्या उरतात. त्याही पुढे, जिथे या दोघी वेगळ्या होतात, तिथे एकच. भाडे तसतसे कमी होत जाते, आणि थांब्यावर उभे राहण्याचा वेळ वाढत जातो. घराच्या जाहिरातीत ‘बसथांब्यापासून दोन मिनिटे’ असे लिहिलेले असते; त्या थांब्यावर किती गाड्या थांबतात हे लिहिलेले नसते.

एकाहत्तरचेही असेच. ओकलंडमधून त्या एकत्र जातात, आणि क्रेग स्ट्रीटच्या आसपास त्यांना फाटे फुटतात. शेडीसाइड, ईस्ट लिबर्टी, हायलंड पार्क, पॉइंट ब्रीझ असे भाग त्या आपसांत वाटून घेतात. शेडीसाइडमधील घर ओकलंडच्या जवळ असते, पण तिथे कोणत्या रस्त्यावर घर आहे यावर कोणती एकाहत्तर मिळणार हे ठरते. दोन रस्ते पलीकडचे घर म्हणजे कधी कधी दुप्पट गाड्यांचे घर.

या पट्ट्यांवर गाड्यांचा एक जुना दोष आहे. वेळापत्रकात त्या अंतराअंतराने असतात, प्रत्यक्षात वीस मिनिटे एकही येत नाही आणि मग तिघी एकामागोमाग येतात. पहिली गच्च भरलेली, तिसरी जवळपास रिकामी. पहिलीला लोंबकळण्यापेक्षा अर्धा मिनिट थांबून तिसरीत बसणे शहाणपणाचे, हे ॲपवर गाड्या प्रत्यक्ष कुठे आहेत ते पाहणाऱ्याला समजते. पीआरटीच्या गाड्यांची ही माहिती मोबाइलवर चालू वेळेत मिळते, आणि वेळापत्रकाहून तीच अधिक खरी असते.

ईस्ट बसवेची गोष्ट वेगळी. रेल्वेच्या मार्गालगत केवळ बसगाड्यांसाठी बांधलेला हा रस्ता १९८३ मध्ये सुरू झाला. त्यावर ना मोटारी, ना चौक. पी१ ही गाडी त्यावरून डाउनटाउनहून ईस्ट लिबर्टी आणि पुढे स्विसव्हेलपर्यंत जाते. मुंबईकराच्या भाषेत सांगायचे तर पी१ ही फास्ट आणि एकाहत्तर ही स्लो. पण ही फास्ट ओकलंडला बगल देऊन जाते. पी३ बसवेवरून ओकलंडला येते, मात्र ती शनिवार-रविवारी नसते. ईस्ट लिबर्टीच्या स्थानकाशेजारी घर घेऊन ‘जलद गाडी दारात आहे’ म्हणून निश्चिंत झालेल्या विद्यार्थ्याला शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत जायचे झाले, तर शेवटी एकाहत्तरच गाठावी लागते. नोकरी डाउनटाउनमध्ये असेल, त्याला मात्र पी१ सारखी गाडी नाही.

अलीकडे या सगळ्यात आणखी एक उलथापालथ चालली आहे. डाउनटाउन आणि ओकलंड यांच्यात बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका करण्याचे ‘युनिव्हर्सिटी लाइन’चे काम २०२३ मध्ये डाउनटाउनपासून सुरू झाले. त्यापायी थांबे सरकतात, रस्ते खणले जातात, मार्ग वळवले जातात. काही वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या दादाने सांगितलेला थांबा जागेवर असेलच असे नाही. त्याहून जुन्या पिढीचा सल्ला तर जपूनच घ्यावा. २०१७ पूर्वी डाउनटाउनहून बाहेर जाणाऱ्या गाडीत भाडे उतरताना द्यायचे, अशी इथली तऱ्हा होती. आता ते सर्वत्र चढतानाच द्यायचे असते. न बदललेली रीत एकच. उतरताना चालकाला ‘थँक यू’ म्हणायचे. मागच्या दाराने उतरणाराही ते ओरडून म्हणतो.

रात्र, किराणा आणि देऊळ

रात्री गाड्या विरळ होतात, आणि रविवारी रात्री अधिकच. ग्रंथालयातून वा प्रयोगशाळेतून एक वाजता निघणाऱ्यासाठी दोन्ही विद्यापीठांच्या स्वतःच्या गाड्या आहेत. दिवसा ठरलेल्या मार्गावर, रात्री घराजवळ सोडणाऱ्या. मात्र या रात्रीच्या सेवेला हद्द आखून दिलेली असते. हद्दीच्या एका रस्त्याने बाहेर असलेले घर त्या गाडीच्या दृष्टीने दुसऱ्या गावात असते. ही हद्द दाखवणारा नकाशा विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असतो. भाडेकरारावर सही करण्याआधी पाहण्याजोगा दुसरा कागद कुठला असेल तर तो हा. मुलींच्या पालकांनी तर तो आधी पाहावा.

ओकलंडमध्ये पायी चालणाऱ्याने दोन गोष्टी जपायच्या. फिफ्थ ॲव्हेन्यू मोटारींसाठी एका दिशेचा रस्ता आहे, पण त्याच्या एका कडेला बसगाड्यांची मार्गिका उलट दिशेने जाते. भारतातून आलेला माणूस आधीच उजव्या-डाव्या बाजूंच्या बदलाने गोंधळलेला असतो. मोटारी येतात तिकडे पाहून तो पाऊल टाकतो आणि बस पाठीकडून येते. दुसरी गोष्ट ‘पिट्सबर्ग लेफ्ट’. सिग्नल हिरवा होताच समोरून येणारी मोटार सरळ जाणाऱ्यांच्या आधी झटकन डावीकडे वळते, आणि सरळ जाणारे तिला सौजन्याने वाट देतात. कायद्यात याला आधार नाही, पण गावाची ती सवय आहे. रस्ता ओलांडणाऱ्याला हे सौजन्य महागात पडू शकते.

किराण्याचे गणित वजनाचे असते. स्क्विरल हिलवर मरे ॲव्हेन्यूला मोठे दुकान आहे, ईस्ट लिबर्टीत आणखी काही आहेत, आणि ६१ सी वा डी धरली तर मोनोंगाहेलापलीकडे होमस्टेडच्या ‘वॉटरफ्रंट’वर मोठमोठी दालने आहेत. हा बाजार उभा आहे तिथे पूर्वी होमस्टेडचा पोलाद कारखाना होता; १८९२ चा तिथला संप अमेरिकेच्या कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदलेला आहे. दहा किलो कणकेची पिशवी घेऊन बसमधून उतरणे आणि मग चढ चढणे हा अनुभव एकदा घेतला, की चाकांची घडीची पिशवी विकत घेतली जाते. चौघांनी मिळून महिन्यातून एकदा टॅक्सी करणे हा दुसरा मार्ग. भारतीय दुकाने बरीचशी मन्रोव्हिलच्या बाजूला. तिकडे ओकलंडमधून ६७ क्रमांकाची बस जाते, पण जाऊन येऊन अर्धा दिवस मोडतो.

देवळाचा प्रश्न याहून अवघड आहे. पेन हिल्समधील श्री वेंकटेश्वर मंदिर अमेरिकेतील सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक. १९७० च्या दशकात ते उभे राहिले, आणि दूरदूरच्या राज्यांतून लोक तिथे येतात. पण ते टेकडीवर, उपनगरात, मोटारीने येणारे भाविक गृहीत धरून बांधलेले आहे. मन्रोव्हिलच्या हिंदू-जैन मंदिराचेही तसेच. बसने जवळपास पोहोचता येते, शेवटचा टप्पा उरतोच. गणपतीच्या दिवसांत वा दिवाळीत विद्यार्थी तिथे दिसतात ते बहुधा कोणाच्या तरी मोटारीतून आलेले असतात. मराठी कुटुंबांची घरेही आता बहुतांशी अशाच उपनगरांत आहेत, जिथे घरटी दोन-तीन मोटारी असतात आणि बस कुठून कुठे जाते हे घरातल्या कोणाला ठाऊक नसते. विद्यार्थ्याला जेवायला बोलावताना ‘कसा येशील?’ एवढे विचारले आणि परतीचीही सोय सांगितली, तर पुष्कळ विद्यार्थी संकोच सोडून येतात. शहरातून निघालेली बस कशीतरी मिळते. उपनगरातून रात्री परतणारी मिळत नाही, आणि हे सांगायची त्यांना लाज वाटते.

सायकलचे थोडक्यात. ‘पोगो’ या नावाने २०२२ पासून भाड्याच्या सायकली मिळतात, त्यांत विजेच्याही आहेत, आणि या डोंगरांवर विजेचीच घ्यावी. रस्त्यावर पडलेल्या भाड्याच्या स्कूटर मात्र आता दिसत नाहीत. त्यांचा दोन वर्षांचा प्रयोग २०२३ च्या जुलैत संपला.

विमानतळ शहराच्या पश्चिमेला बराच दूर, पण २८एक्स ही बस तिथून डाउनटाउनमार्गे थेट ओकलंडला येते, तीही साध्या भाड्यात. एवढ्या दूरच्या विमानतळाहून अशी सोय अमेरिकेत सहसा मिळत नाही. पहिल्या दिवशी तिचा उपयोग मात्र थोडाच होतो. हाती ओळखपत्र नसते, डॉलरची सुटी रक्कम नसते, अंगात चोवीस तासांचा प्रवास असतो आणि बरोबर तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. त्या दिवसापुरते भारतीय विद्यार्थी संघटनांना आधी कळवून ठेवणे बरे. डिसेंबरच्या सुट्टीत एकच पाठपिशवी घेऊन निघताना २८एक्सच घ्यावी.

पूल पडतो तेव्हा

२८ जानेवारी २०२२ च्या सकाळी, उजाडण्यापूर्वी, फोर्ब्ज ॲव्हेन्यूवरचा फर्न हॉलो पूल फ्रिक पार्कच्या घळीत कोसळला. त्यावर काही मोटारी होत्या, आणि ६१बी ची जोडबस होती. बस तुटलेल्या पुलाच्या उतारावर तिरकी अडकून राहिली. काही माणसे जखमी झाली, मृत्यू कोणाचा झाला नाही. योगायोग असा, की रस्ते आणि पूल यांच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेल्या निधीविषयी बोलायला राष्ट्राध्यक्ष बायडन त्याच दिवशी पिट्सबर्गला येणार होते. त्यांनी तो पूल जाऊन पाहिला. वर्ष संपायच्या आत, डिसेंबरात, नवा पूल खुला झाला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला तो साधा होता. पोलाद गंजत होते, पाण्याचा निचरा तुंबलेला होता, तपासणीचे अहवाल वर्षानुवर्षे दुरुस्ती सुचवत होते, आणि दुरुस्ती होत नव्हती.

ही घटना येथे सांगण्याचे कारण २०२५ मध्ये पीआरटीवर आलेल्या संकटात आहे. करोनाच्या काळात केंद्र सरकारने दिलेली मदत संपत आली, राज्याचे अनुदान वाढले नाही, आणि वर्षाला सुमारे १० कोटी डॉलरची तूट समोर दिसू लागली. त्या वसंत ऋतूत पीआरटीने जो प्रस्ताव मांडला, त्यात एकूण सेवेत ३५ टक्के कपात होती. ४० बसमार्ग आणि रेल्वेची एक शाखा बंद होणार होती, उरलेल्या मार्गांवर गाड्या कमी होणार होत्या, रात्री ११ नंतर सेवा थांबणार होती आणि भाडे ३ डॉलर होणार होते. ओळखपत्र टेकवून आत जाण्याची सोय कायम राहिली असती; आत जायला गाडी असती की नाही, हा प्रश्न होता. रात्री अकराला शहर बंद झाले, तर उपाहारगृहात शेवटची पाळी करणारा, रुग्णालयात रात्रपाळीला जाणारा आणि प्रयोगशाळेत प्रयोग सोडून निघू न शकणारा, हे तिघेही एकाच थांब्यावर अडकतात.

सार्वजनिक सुनावण्या झाल्या. तिथे बोलायला नागरिकत्व लागत नाही, आणि विद्यार्थीही बोलले. हॅरिसबर्गमध्ये राज्याच्या विधिमंडळात मात्र तोडगा निघेना. फिलाडेल्फियाच्या वाहतूक संस्थेने ऑगस्टमध्ये कपात सुरूही केली, ती न्यायालयाच्या आदेशानंतर मागे घ्यावी लागली. अखेर २०२५ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने पीआरटीला भांडवली निधी रोजच्या खर्चासाठी वापरण्याची मुभा दिली, आणि कपात टळली. ही मुभा दोन वर्षांची आहे. भांडवली निधी म्हणजे नव्या बसगाड्या, रूळ, बोगदे, आगार यांच्या दुरुस्तीसाठी राखलेला पैसा. आजच्या फेऱ्या चालू ठेवण्यासाठी उद्याची दुरुस्ती पुढे ढकलण्यात आली आहे. फर्न हॉलोचा पूल पीआरटीचा नव्हता, तो शहराचा होता. पण दुरुस्ती पुढे ढकलण्याचा अर्थ काय, हे त्याच्यावर अडकलेल्या ६१बी ला विचारण्यासारखे होते.

दोन वर्षांची ही मुदत आणि दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम यांची गाठ नीट बसत नाही. २०२६ च्या ऑगस्टमध्ये दाखल होणारा विद्यार्थी २०२८ च्या मे महिन्यात पदवी घेईल. मुभा त्याच्या अभ्यासाच्या मध्यावर, २०२७ मध्ये संपते. कपातीचा प्रस्ताव पुन्हा आलाच, तर सर्वांत आधी धोक्यात येतात ते टोकाचे, एकाच गाडीवर अवलंबून असलेले भाग. स्वस्त घरे तिथेच असतात. फोर्ब्ज आणि फिफ्थचा मधला पट्टा त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि तो महाग. ओकलंडमध्ये पुढच्या ऑगस्टपासूनच्या घरांचे करार आदल्या हिवाळ्यातच होऊ लागतात. म्हणजे २०२७-२८ या वर्षासाठी घर धरायचे, तर विधिमंडळ काय करणार हे कळण्याच्या कितीतरी आधी सही करावी लागेल. त्या वेळी दरमहा शंभर डॉलर वाचवणारे, पण चार गाड्यांऐवजी एका गाडीच्या वाटेवरचे घर समोर आले, तर हे शंभर डॉलर कशाच्या बदल्यात वाचत आहेत, हे वेळापत्रकाच्या रविवारच्या पानावर दिसेल.